थंडी वाढते तेव्हा हीट पंपाचे काय होते?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे हीट पंपाविषयी आहेत. शब्द निरनिराळे असले तरी त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : बाहेरचे तापमान उतरले की या यंत्राची कार्यक्षमता का उतरते, किती उतरते आणि वापरणाऱ्याच्या हाती त्यावर काय उपाय आहे. म्हणून हे सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न : बाहेर उणे १० अंश सेल्सिअस तापमान असतानाही हीट पंप बाहेरच्या हवेतून उष्णता घेऊन घर तापवतो, असे सांगितले जाते. जी हवा पाणी गोठवते, तिच्यात देण्याजोगी उष्णता उरतेच कशी?

उत्तर : ‘थंड’ हा शब्द आपण आपल्या त्वचेच्या अनुभवावरून वापरतो, पदार्थातील उष्णतेचे माप मात्र त्वचेवर ठरत नाही. ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही असे केवल शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला आहे. तेथून मोजले, तर उणे १० अंशांची हवा सुमारे २६३ केल्विनवर आणि २० अंशांची खोली सुमारे २९३ केल्विनवर असते. म्हणजे दोहोंत जेमतेम दहा टक्क्यांचा फरक आहे. गोठवणाऱ्या हवेतही उष्णता भरपूर असते. अडचण एवढीच की, ती आपल्या खोलीपेक्षा कमी तापमानावर असल्यामुळे आपणहून आत येत नाही.

उष्णता आपणहून नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. हीट पंप या नियमाला बगल देत नाही, त्याचाच उपयोग करतो. बाहेरच्या युनिटमधील नळ्यांत शीतक नावाचा द्रव असतो. आज प्रचलित असलेले आर-३२ हे शीतक साध्या वातावरणीय दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना. नळ्यांतील दाब योग्य ठेवला की शीतक हवेपेक्षा काही अंश कमी तापमानाला, समजा उणे १८ अंशांना, उकळू लागते. उकळण्यासाठी त्याला उष्णता लागते आणि उणे १० अंशांची हवा त्याच्यापेक्षा गरम असल्यामुळे ती उष्णता हवाच पुरवते. पुढे कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, दाबाबरोबर तिचे तापमान चढते आणि आतल्या बाजूला ती ४० अंशांच्या आसपास पुन्हा द्रवरूप होताना आपली उष्णता घराला देते. मग प्रसरण झडपेतून दाब उतरतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. घरातला फ्रिज हेच करतो : आतल्या थंड कप्प्यातील उष्णता उचलून मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांवाटे स्वयंपाकघरात सोडतो.

प्रश्न : उष्णता बाहेर आहेच आणि ती फक्त आत आणायची आहे, तर बाहेर १० अंश असले काय आणि उणे १० असले काय, फरक का पडावा? पडत असेल, तर तो किती?

उत्तर : विहिरीतून पाणी शेंदण्याचे उदाहरण येथे चपखल बसते. विहिरीत पाणी पुष्कळ असले, तरी ते किती खोल आहे यावर प्रत्येक पोहऱ्यामागचे श्रम ठरतात. हीट पंपाच्या बाबतीत बाहेरचे तापमान म्हणजे पाण्याची पातळी आणि आत ज्या तापमानाला उष्णता सोडायची ते तापमान म्हणजे विहिरीचा काठ. या दोहोंतील अंतर, म्हणजेच उष्णतेला चढवण्याची उंची, हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तो परत येणार आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

हीट पंपाची कार्यक्षमता कार्यगुणांकाने मोजतात : घरात पोहोचलेली उष्णता भागिले त्यासाठी खर्च झालेली वीज. एक युनिट वीज खर्चून चार युनिट उष्णता आत आली, तर कार्यगुणांक ४. साध्या विद्युत हीटरचा कार्यगुणांक १ असतो. तो विजेचीच उष्णता करतो, बाहेरून काही आणत नाही.

या गुणांकाला निसर्गाने घातलेली वरची मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनांविषयी केलेल्या विवेचनातून निघते. इंजिन उलटे चालवले की हीट पंप होतो. अशा यंत्राने इमारती तापवता येतील आणि तेच इंधन थेट जाळण्यापेक्षा ते यंत्र चालवायला वापरले तर कमी इंधनात काम होईल, हे विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये मांडले. हेच पुढचे लॉर्ड केल्विन आणि पुढील सूत्रातील तापमान त्यांच्याच नावाच्या एककात मोजावे लागते. सूत्र सोपे आहे : आतले तापमान केल्विनमध्ये घ्यावे आणि त्याला आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकाने भागावे.

समजा, जमिनीखालच्या नळ्यांतून ३५ अंशांचे पाणी फिरवून घर तापवायचे आहे. ३५ अंश म्हणजे ३०८ केल्विन. बाहेर ७ अंश असतील, तर फरक २८ आणि आदर्श कार्यगुणांक ११. बाहेर उणे ७ असतील, तर फरक ४२ आणि गुणांक सुमारे ७.३. बाहेर उणे २० असतील, तर फरक ५५ आणि गुणांक ५.६. आता हेच गणित रेडिएटरसाठी, म्हणजे आत गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या धातूच्या तक्त्यांसाठी, ५५ अंशांचे पाणी धरून करू. बाहेर ७, उणे ७ आणि उणे २० अंश असताना उत्तरे अनुक्रमे ६.८, ५.३ आणि ४.४ अशी येतात. दोन ओळी शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते : बाहेर ७ अंश असताना ५५ अंशांचे पाणी करणारे यंत्र, बाहेर उणे ७ अंश असताना ३५ अंशांचे पाणी करणाऱ्या यंत्रापेक्षा कार्यक्षमतेत मागे आहे.

प्रत्यक्षातील यंत्रे या आदर्श आकड्याच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतात. घर्षण, मोटरमधील तूट आणि पंख्याची वीज ही त्याची काही कारणे आहेत. पण मोठे कारण असे की, यंत्राला दिसणारी उंची आपण मोजतो त्याहून जास्त असते. उष्णता वाहायची तर फरक लागतोच, म्हणून शीतक बाहेरच्या हवेपेक्षा ५ ते १० अंश थंड आणि आतल्या पाण्यापेक्षा काही अंश गरम असावे लागते. हिशेब करून चांगल्या यंत्राचा कार्यगुणांक ३५ अंशांच्या पाण्यासाठी बाहेर ७ अंशांना साडेचार ते पाच, उणे ७ ला तीनच्या आसपास आणि उणे २० ला दोन ते अडीच असा पडतो.

ही घसरण कड्यावरून कोसळल्यासारखी नसते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. वरच्या सूत्रात भाजक जितका मोठा, तितका आणखी एका अंशाचा परिणाम लहान. ७ वरून ६ अंशांवर उतरताना आदर्श गुणांक साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतो. उणे २० वरून उणे २१ वर जाताना पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. ‘शून्याखाली हीट पंप कुचकामी’ ही समजूत जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रांच्या अनुभवातून रुजली आणि अजून लोकांच्या मनात घर करून आहे. गुणांक दोनवर आला, तरी त्याच उष्णतेसाठी साध्या हीटरच्या निम्मीच वीज लागते. ही गोष्ट विसरून ‘कार्यक्षमता निम्मी झाली’ एवढेच वाक्य ऐकले, तर माणूस चुकीच्या निर्णयाला येतो.

प्रश्न : थंडी जितकी कडक, तितकी घराला उष्णता जास्त लागते आणि नेमका तेव्हाच आमचा पंप अपुरा पडतो. वर्षातले कडाक्याचे चार-पाच दिवस घर नीट तापत नाही आणि विजेचा वापर मात्र एकदम चढतो. यंत्रात बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड असेलच असे नाही. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. कार्यक्षमता म्हणजे प्रत्येक युनिट विजेमागे किती उष्णता मिळते ते. क्षमता म्हणजे यंत्र तासाला एकूण किती उष्णता देऊ शकते ते. थंडीत दोन्ही घटतात, पण कारणे निराळी आहेत. विहिरीच्याच भाषेत सांगायचे, तर पाणी खोल गेल्यामुळे दोर जास्त ओढावा लागतो आणि त्याच वेळी पोहराही अर्धवट भरून येतो.

पोहरा अर्धवट का भरतो, ते शीतकाच्या दाबावरून कळते. आर-३२ शून्य अंशांना उकळत असेल, तर त्याच्या वाफेचा दाब सुमारे ८ बार असतो. उणे २० अंशांना तोच सुमारे ४ बारवर येतो. दाब निम्मा झाला की वाफ विरळ होते आणि घनताही जवळजवळ निम्म्यावर येते. कॉम्प्रेसर प्रत्येक फेऱ्यात तेवढेच आकारमान आत ओढतो, पण त्या आकारमानात आता जवळजवळ निम्मेच शीतक असते. कमी शीतक फिरले की कमी उष्णता वाहिली जाते.

घराची गरज याच्या उलट दिशेने चालते. खोली २० अंशांवर ठेवायची असेल, तर बाहेर १० अंश असताना फरक १० अंशांचा आणि उणे १० असताना ३० अंशांचा, म्हणजे गरज तिप्पट. चढत जाणारी गरज आणि उतरत जाणारी क्षमता ज्या तापमानाला एकमेकींना छेदतात, त्याला समतोल तापमान म्हणतात. त्याच्या खाली पंप अखंड चालूनही थोडा कमी पडतो आणि उरलेली भर बहुधा यंत्रातच बसवलेला विद्युत हीटर घालतो. आपल्या वाढलेल्या वीजवापराचे कारण तोच असण्याचा संभव अधिक आहे. समजा, घराला ८ किलोवॅट हवेत, पंप २.२ च्या गुणांकाने ६ देतो आणि उरलेले २ किलोवॅट हीटर देतो. पंपाला सुमारे २.७ आणि हीटरला २, मिळून ४.७ किलोवॅट वीज लागते आणि एकूण गुणांक १.७ वर येतो. चौथा हिस्सा उष्णता देणारा हीटर एकूण विजेतील चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा घेऊन जातो.

म्हणून तपासायची पहिली गोष्ट पंप नव्हे, तर हीटर कोणत्या तापमानाला सुरू होतो ती जुळणी. यंत्र बसवताना ती सावधगिरी म्हणून बरीच वर ठेवलेली असते आणि मग पंप एकट्याने काम निभावू शकत असतानाही हीटर चालत राहतो. जुळणी योग्य असेल, तर वर्षातून चार-पाच दिवस हीटर लागणे हा दोष मानू नये. केवळ त्या दिवसांसाठी खूप मोठा पंप घेतला, तर सौम्य थंडीच्या कितीतरी जास्त दिवसांत तो वारंवार सुरू-बंद होत राहतो आणि त्यात कार्यक्षमताही जाते, आयुष्यही.

नवीन यंत्रांत क्षमतेची ही घट दोन मार्गांनी बरीच कमी केलेली असते. इन्व्हर्टरवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या विद्युत यंत्रणेवर, चालणारा कॉम्प्रेसर थंडीत जास्त वेगाने फिरून विरळ वाफेची भरपाई करतो. दुसरा मार्ग वाफ-अंतःक्षेपणाचा. त्यात द्रवरूप शीतकाचा काही भाग मधल्या दाबाला उकळवून ती वाफ कॉम्प्रेसरच्या मधल्या टप्प्यात सोडतात. त्यामुळे आतल्या बाजूला जास्त शीतक पोहोचते आणि कॉम्प्रेसरमधून निघणारी वाफ अतिगरम होण्याचा धोका कमी होतो. तीव्र थंडीत हा धोका खरा असतो, कारण दाब फार मोठ्या पटीने वाढवावा लागतो आणि फार तापलेल्या वाफेमुळे वंगणाचे तेल खराब होते. जिथे तापमान दीर्घकाळ उणे १५ च्या खाली राहते, तिथे या सोयीचे यंत्र घेणे मी आवश्यक मानतो.

प्रश्न : माझी नोंद अशी आहे की, बाहेर १ किंवा २ अंश असताना पावसाळी, धुकट दिवशी पंपाची कामगिरी अपेक्षेपेक्षा वाईट असते, आणि उणे ८ अंशांच्या कोरड्या, निरभ्र दिवशी मात्र तो सुरळीत चालतो. हे उलटे कसे? शिवाय बाहेरचे युनिट मधूनच थांबते आणि त्यातून धुरासारखे काही निघते.

उत्तर : आपण नोंद ठेवली, ही फार चांगली गोष्ट केली, कारण हा परिणाम केवळ तापमान पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. येथे हवेतील बाष्प आडवे येते.

बाहेर २ अंश असताना युनिटच्या नळ्यांवर बसवलेल्या धातूच्या पातळ पात्यांचा पृष्ठभाग शून्याखाली काही अंश असतो. हवा त्यांना स्पर्श करते तेव्हा तिच्यातील बाष्प त्यांवर बर्फाच्या रूपाने साचते. शून्य अंशांची संपृक्त हवा घनमीटरमागे सुमारे ५ ग्रॅम बाष्प बाळगते. उणे २० अंशांची सुमारे १ ग्रॅम. म्हणजे हवा फार थंड झाली की तिच्याजवळ बर्फ करायला बाष्पच उरत नाही, आणि हवा ७-८ अंशांच्या वर गेली की पाती सहसा शून्याखाली जात नाहीत. मधला पट्टा, साधारण उणे ३ ते ५ अंशांचा, हवा दमट असेल तर सर्वांत त्रासाचा.

बर्फाचा पातळ थर फारसा बाधत नाही. थर जाड होऊ लागला की पात्यांमधल्या फटी बुजतात, हवेचा प्रवाह अडतो, शीतकाला पुरेशी उष्णता मिळेनाशी होते, त्याचे उकळण्याचे तापमान आणखी खाली जाते आणि त्यामुळे बर्फ अधिकच वेगाने साचतो. हे चक्र तोडण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते : चारमार्गी झडप फिरते, घरातील उष्णता बाहेरच्या नळ्यांत जाते, बर्फ वितळून खाली गळतो. आपल्याला दिसणारा ‘धूर’ म्हणजे ओल्या, तापलेल्या पात्यांवरून उठणारी वाफ आहे. त्यात काळजीचे काही नाही. या काळात पंखा थांबलेला असतो, म्हणून युनिट बंद पडल्यासारखे वाटते.

येथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधतो. बर्फ वितळवायला किलोमागे ३३४ किलोजूल उष्णता लागते, ती वाया गेली असे सर्रास म्हटले जाते. पण तोच एक किलो बर्फ बाष्पापासून तयार होताना त्याने शीतकाला सुमारे २,८०० किलोजूल उष्णता दिलेली असते, याचा हिशेब कोणी धरत नाही. बाष्प पंपाला देते ते जास्त, परत मागते ते कमी. तोटा होतो तो अडलेल्या हवेमुळे, यंत्राच्या खंडित कामामुळे, आणि वितळवताना युनिटचे सगळे धातूचे अंग तापवावे लागते त्यामुळे. म्हणून चांगल्या यंत्राचे लक्षण असे की, ते बर्फ खरोखर साचला आहे हे ओळखूनच वितळवण्याची फेरी घेते. घड्याळावर ठरावीक वेळाने फेरी घेणारे यंत्र कोरड्या थंडीतही उगाच उलटे चालत राहते.

युनिटच्या खाली गळालेले पाणी पुन्हा गोठून तळाशी बर्फाचा ढीग होऊ देऊ नये. युनिट जमिनीपासून उंच बसवलेले असावे आणि पाण्याला वाट असावी. बर्फ कधीही टोकदार वस्तूने खरवडू नये. पाती नाजूक असतात आणि नळीला छिद्र पडले, तर शीतक निघून जाते.

प्रश्न : माहितीपत्रकात कार्यगुणांक ४.८ छापला आहे. मीटरवरून मी हिवाळ्याचा हिशेब केला तर तो ३.१ निघतो. खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. माहितीपत्रकातील आकडा एका ठरावीक स्थितीचा असतो. युरोपातील चाचणीत ही स्थिती बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश अशी असते. अमेरिकेत ४७ आणि १७ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८.३ आणि उणे ८.३ अंश सेल्सिअस, या दोन तापमानांना आकडे देतात. ७ अंश आणि ३५ अंश ही जोडी यंत्राला फार अनुकूल आहे, हे मघाच्या गणितावरून लक्षात येईल. खरेदी करताना याच तक्त्यातील उणे ७ अंशांची ओळ आणि आपल्याला प्रत्यक्ष लागणाऱ्या पाण्याच्या तापमानाची ओळ जरूर मागावी.

आपला हिशेब संपूर्ण हंगामाचा आहे आणि हंगामी सरासरी काढताना एक चूक सहज होते. समजा, सौम्य दिवसांत १,००० युनिट उष्णता ४ च्या गुणांकाने मिळाली आणि कडक दिवसांत १,००० युनिट २ च्या गुणांकाने. सरासरी ३ म्हणावीशी वाटते; पण वीज लागली २५० अधिक ५००, म्हणजे ७५०, आणि २,००० भागिले ७५० केले तर २.६७ येतात. कडक दिवस संख्येने थोडे असले, तरी त्यांचा भार मोठा असतो. म्हणून वर्षाचे सरासरी तापमान घेऊन गुणांक काढला की तो वास्तवापेक्षा चांगलाच दिसतो. आपल्या आकड्यात अंघोळीसाठी तापवलेले पाणीही धरलेले असेल, तर ३.१ हा आकडा मला समाधानकारक वाटतो.

प्रश्न : बाहेरचे तापमान काही आपल्या हाती नाही. मग वापरणाऱ्याने करायचे तरी काय? रात्री पंप बंद ठेवावा का?

उत्तर : विहिरीतली पातळी आपल्या हाती नाही, पण काठाची उंची आहे. आत फिरणाऱ्या पाण्याचे तापमान एक अंशाने कमी केले, तर कार्यगुणांक साधारण दोन ते तीन टक्क्यांनी सुधारतो. बाहेर एक अंशाने ऊब वाढली असती, तर जवळपास एवढाच फायदा झाला असता.

अनेक घरांत पाणी हिवाळाभर एकाच चढ्या तापमानाला फिरते आणि खोली फार तापली की झडप बंद होते. ही उधळपट्टी आहे. एक उदाहरण घेऊ. खोली २० अंशांवर आहे आणि बाहेर उणे १० असताना रेडिएटरमधील पाण्याचे सरासरी तापमान ५० अंश लागते. बाहेर २ अंश झाले की घराची गरज ६० टक्क्यांवर येते, कारण फरक ३० वरून १८ अंशांवर येतो. तोच रेडिएटर ४० अंशांच्या पाण्याने ५० अंशांच्या मानाने सुमारे ६० टक्के उष्णता देतो. म्हणजे त्या दिवशी ४० अंशांचे पाणी पुरते आणि दहा अंशांची चढण उगाच चढावी लागत नाही. बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचे तापमान आपोआप खालीवर करण्याची सोय जवळजवळ प्रत्येक नव्या पंपात असते. ती चालू आहे ना आणि आपल्या घराला जुळवली आहे ना, हे पाहणे म्हणजे सर्वांत स्वस्तात होणारी सुधारणा. रेडिएटर मोठे केले किंवा घराच्या फटी बुजवून उष्णतारोधन सुधारले, तर पाणी आणखी कोमट चालते.

रात्री पंप पूर्ण बंद ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. घर थंड होऊ दिल्याने त्याची उष्णतेची गळती काहीशी कमी होते, हे खरे. पण दिवसातील सर्वांत थंड वेळ बहुधा सूर्योदयाच्या सुमाराची असते आणि नेमक्या त्याच वेळी पंपाला गारठलेले घर पूर्ण वेगाने, चढ्या तापमानाच्या पाण्याने आणि कदाचित हीटरच्या मदतीने तापवावे लागते. रात्री एक-दोन अंश खाली उतरवणे पुरे.

अंघोळीच्या पाण्याची टाकी मात्र पहाटेऐवजी दुपारी तापवावी. ५० अंशांच्या पाण्यासाठी बाहेर उणे ५ असताना आदर्श गुणांक ५.९ आणि ५ अंश असताना ७.२ येतो, तेवढ्याच पाण्याला अठरा टक्के कमी वीज. पण टाकीचे तापमान कार्यक्षमतेच्या मोहाने फार खाली आणू नये. लिजिओनेला नावाचे, फुप्फुसाचा गंभीर आजार करणारे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात. या बाबतीत उत्पादकाने दिलेली सुरक्षित मर्यादा आणि अधूनमधून पाणी जास्त तापवण्याची सूचना पाळावी.

प्रश्न : बाहेरचे युनिट उन्हात ठेवले किंवा त्याला वरून-बाजूंनी झाकले, तर फायदा होईल का?

उत्तर : उन्हाचा फायदा नगण्य असतो. हवेतून ६ किलोवॅट उष्णता घ्यायची आणि हवा ५ अंशांनी थंड करायची, तर तासाला ३,००० घनमीटरांहून जास्त हवा युनिटमधून जावी लागते. एवढ्या प्रवाहाचे तापमान पेटीवर पडणाऱ्या उन्हाने कितीसे वाढणार? बाजूंनी झाकणे तर हानिकारक. युनिटने थंड करून सोडलेली हवा कोपऱ्यात अडकून पुन्हा आत ओढली गेली, तर त्याच्यापुरते बाहेरचे तापमान काही अंशांनी खाली जाते आणि आपण स्वतःच थंडी वाढवून घेतो. समोर मोकळी जागा असावी आणि हिम किंवा वाळलेली पाने मागच्या जाळीवर साचू देऊ नयेत.

प्रश्न : उन्हाळ्यात हेच यंत्र घर थंड करते. तेव्हाही बाहेरच्या तापमानाचा असाच परिणाम होतो का?

उत्तर : होतो, फक्त दिशा उलटी. आता उष्णता आतून उचलून बाहेर सोडायची असते, म्हणून बाहेर जितका उन्हाळा कडक तितकी चढण उंच. आतली नळ्यांची कुंडली १० अंशांवर आणि बाहेरची ५० अंशांवर असेल, तर थंड करण्याचा आदर्श गुणांक सुमारे ७.१ येतो, बाहेर दहा अंशांनी ऊन वाढून ती ६० वर गेली की ५.७. एअर कंडिशनर भर दुपारी जास्त वीज का खातो, याचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे, घरात शिरणाऱ्या उष्णतेत.

प्रश्न : हवेचे तापमान एवढे बदलत असेल, तर हवेऐवजी जमिनीतून किंवा पाण्यातून उष्णता घेणे चांगले नाही का?

उत्तर : केवळ कार्यक्षमतेपुरते पाहिले, तर होय. जमिनीत खाली जावे तसतसे ऋतूंचे चढउतार मावळत जातात आणि दहा-पंधरा मीटरांच्या खाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. बाहेर उणे १५ अंशांची रात्र असली, तरी जमिनीतून येणारा द्रव शून्याच्या आसपासचा असू शकतो. म्हणजे ज्या रात्री गरज सर्वांत जास्त, त्याच रात्री चढण पंधरा अंशांनी कमी. आणि नळ्या हवेत नसल्यामुळे पात्यांवर बर्फ साचण्याचा प्रश्नही नाही. मात्र जमिनीतील नळ्या पुरेशा लांबीच्या नसतील, तर भोवतालची माती दर हिवाळ्यात थोडी थोडी गारठत जाते आणि हा फायदा काही वर्षांत ओसरतो. खोदकामाचा खर्चही मोठा असतो. घर लहान असेल, उष्णतारोधन चांगले असेल आणि थंडी सौम्य असेल, तर तो खर्च भरून निघणे कठीण, असे माझे मत आहे. थंडी दीर्घ आणि कडक असेल, तर मात्र हिशेब जरूर करून पाहावा. पाण्याचा मार्गही जुना आणि पारखलेला आहे : झुरिकच्या नगरसभागृहात १९३८ मध्ये बसवलेला हीट पंप शेजारून वाहणाऱ्या लिमाट नदीतून उष्णता घेत असे. वाहते पाणी द्रवरूप आहे तोवर शून्याखाली जात नाही, आणि त्यामुळे हवा कितीही थंड झाली तरी त्या पंपाची विहीर तेवढीच खोल राहत असे.